नाक कुणासारखं होतं?

पल्स पोलिओचा रविवार होता. मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होते आणि त्या दिवशी एसटी स्टँडजवळच्या बूथवर माझी ड्यूटी लागली होती. दोन थेंब तोंडात, डाव्या करंगळीवर शाई, चला पुढचा. अकराच्या सुमाराला एक बाई दीड-दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन आली. थेंब झाले, शाई झाली, तरी ती जागची हलेना.

"सिस्टर, ओळखलं नाही ना? माझं पहिलं तुमच्याच हातावर झालं. पोटातच गेलेलं."

मला काही आठवलं नाही. तरी मी मान डोलावली.

"मला दाखवलं नाही कुणी. सासरे घेऊन गेले, तेही म्हणतात, गुंडाळूनच दिलेलं, आम्ही सोडून बघितलं नाही. म्हणजे बघितलं असेल तर तुम्हीच." तिनं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "नाक कुणासारखं होतं हो?"

मागून कुणीतरी ओरडलं, आटपा लवकर. मी म्हटलं, "तुझ्यासारखं."

"तरीच!" ती म्हणाली. काय 'तरीच' ते मला आजवर कळलेलं नाही. जाताना तिनं स्वतःच्या नाकावरून एकदा बोट फिरवलं आणि स्टँडच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी विसरले असते. तिला आनंद झाला, म्हणून ते डाचत राहिलं. कारण ते नाक मी बघितलंच नव्हतं. तेव्हा आमची रीत ठरलेली होती. मेलेलं बाळ आलं की नाळ कापायची, वजन करायचं, हिरव्या टॉवेलात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवायचं, ट्रे सिंकच्या पलीकडे सरकवायचा आणि वरून आणखी एक कपडा टाकायचा. आईनं मान उचलली तर म्हणायचं, "नको बघूस, त्रास होईल." कुणाला, ते आम्ही सांगत नव्हतो.

पुढे मी ट्यूटर झाले. रायगड जिल्ह्यातलं एक नर्सिंग स्कूल. मुली बहुतेक आसपासच्याच, पेण, अलिबाग, रोहा, काही वरून घाटावरच्या. मिडवाइफरीचा विषय माझ्याकडे. त्यात मृत जन्माचा धडा येतो. 28 आठवडे भरल्यावर, जिवंतपणाची कोणतीही खूण नसताना जन्मलेलं बाळ, ही व्याख्या. मग कारणं: वाढलेला रक्तदाब, वार आधीच सुटणं, मधुमेह, संसर्ग, अडलेलं बाळंतपण, आणि कितीतरी वेळा कारण सापडतच नाही. मग ताजं, म्हणजे एफएसबी, की पोटातच जाऊन त्वचा सुटलेलं, मॅसरेटेड, म्हणजे एमएसबी, ते रजिस्टरमध्ये कसं लिहायचं. जगात वर्षाला सुमारे 19 लाख बाळं अशी जन्मतात, हा आकडा मी फळ्यावर लिहायची आणि मुली तो मुकाट्यानं उतरवून घ्यायच्या. सगळ्यात शेवटी 'परिचारिकेची कर्तव्ये'. त्यातला शेवटचा मुद्दा: मातेला मानसिक आधार द्यावा.

मानसिक आधार! आमच्या मुली कुठल्याही उत्तराच्या शेवटी हा मुद्दा टाकतात. हाड मोडलं, मानसिक आधार. जुलाब लागले, मानसिक आधार. भाजीत मीठ टाकावं तसा. मीही त्याला अर्धा मार्क देत आले आहे. पण आधार द्यायचा म्हणजे नक्की हातांनी काय करायचं, तोंडानं काय बोलायचं, हे कुठल्याही मुलीनं मला विचारलं नाही आणि बरं झालं विचारलं नाही. मला येत नव्हतं.

एका वर्षी एक मुलगी रात्रपाळी करून सकाळी माझ्या टेबलापाशी आली. हुशार, तोंडाळ, अक्षर मोत्यासारखं. आमच्याकडे प्रत्येक मुलीनं ठरलेल्या संख्येनं बाळंतपणं करून ती केसबुकात लिहायची असतात. त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. केसेस मिळवायला मुलींची झुंबड असते. ती म्हणाली, "मॅडम, रात्री माझी डिलिव्हरी झाली, पण एमएसबी होतं. ही केस धरायची का?"

ती उद्धट नव्हती. रात्रभर जागली होती आणि प्रश्न नियमाचा होता. मी म्हटलं, धर. ती जायला वळली तेव्हा मी विचारलं, "बाळ धरलंस का?"

"म्हणजे?"

"हातात. नाक कसं होतं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, नाकाचा कॉलम नाहीये."

खरंच नाही. केसबुकात नाही आणि सरकारी कागदातही नाही. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याखाली मृत जन्माचा वेगळा फॉर्म भरतात. त्यात लिंग आहे, आईबापाची नावं आहेत, गर्भ किती आठवड्यांचा होता ते आहे, मृत्यूचं कारण आहे. बाळाच्या नावाला जागा नाही. आता ज्याला नावाचाच रकाना नाही त्याच्या नाकाचं कोण विचारतंय!

त्या आठवड्यात मी धड्याला चित्र घेऊन गेले. केटे कोलविट्झ ही जर्मन चित्रकार; नवरा बर्लिनमधल्या गरीब वस्तीतला डॉक्टर. 1903 साली तिनं मेलेल्या मुलाला मिठी मारून बसलेल्या बाईचं एचिंग केलं. त्यासाठी आपल्याच सात वर्षांच्या पेटरला कवेत घेऊन ती आरशासमोर बसली आणि आरशात बघून काढत राहिली. हाच पेटर 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात, वयाच्या अठराव्या वर्षी मारला गेला. हे सगळं मी मोठ्या तयारीनं सांगितलं. प्रोजेक्टरवर ती बाई दिसत होती: उघडी, थोराड, मांडी घातलेली, तोंड मुलाच्या छातीत खुपसलेलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ही आई आहे का वाघीण?" थोडं हसू झालं. मग मी सगळ्यांना अर्धं पान लिहायला सांगितलं. पस्तीस जणींनी लिहिलं की चित्र अत्यंत हृदयस्पर्शी आहे. पस्तीस! 'मानसिक आधार'चीच सख्खी बहीण. वाघीण म्हणणारीनंसुद्धा हृदयस्पर्शीच लिहिलं होतं. तिनं जे खरोखर बघितलं होतं ते ती हसण्यावारी बोलून गेली आणि कागदावर मला आवडेल ते ठेवलं. चित्र दाखवलं की माणूस बघायला लागतो, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली.

तास संपल्यावर हमरापूरची एक मुलगी थांबली. पेणजवळचं हमरापूर म्हणजे गणपतींचं गाव; तिच्या घरी तीन पिढ्यांचा कारखाना. एरवी फारसं न बोलणारी. म्हणाली, "मॅडम, नुसतं बघून दिसत नाही. आमच्याकडे नवीन पोरगा कामाला लागला की त्याला आधी नाक करायला लावतात. शंभर नाकं मोडतो, मग त्याला नाक दिसायला लागतं."

शनिवारी ती घरून शाडूचा गोळा घेऊन आली, गोणपाटात बांधलेला, ओला. मी मुलींना पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवलं. प्रत्येकीनं आईला विचारून एक बाळ निवडायचं. हात लावायचा नाही, मोबाइल काढायचा नाही, दहा मिनिटं फक्त बघायचं. मग खाली येऊन त्या बाळाचा चेहरा शाडूत करायचा.

इथं एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पाच मिनिटांत वॉर्डात गोंधळ उडाला. "काय झालं माझ्या बाळाला? सिस्टर अशी का बघतेय?" नर्स बाळाकडे टक लावून बघते ती काहीतरी बिघडलं असेल तरच, हे आयांना पक्कं ठाऊक. एका आजीनं तर लगेच काजळाची डबी काढून नातवाच्या गालावर तीट लावली, आणि आमच्या मुलीला बजावलं, आता बघ किती बघायचं ते.

खाली येऊन मुली मातीपुढे बसल्या आणि अडल्या. तीन दिवस ज्या बाळाचं लंगोट बदललं, ज्याला आईच्या छातीशी लावलं, त्याचा कान कसा होता ते सांगता येईना. पाळी सुटी की चिकटलेली? वरचा ओठ मधे टोकदार होता का? काही जणी परत वर पळाल्या. हमरापूरची मधून फिरत होती, बोटानं माती दाबून दाखवत होती की तान्ह्या बाळाच्या नाकाला दांडी नसतेच, नुसता उंचवटा असतो. तिचं स्वतःचं बाळ मात्र सारखं गणपतीकडे झुकत होतं, आणि तिलाच हसू फुटत होतं.

दुपारनंतर मी वजनकाटा आणला. शाडूचे गोळे करून मोजले: नऊशे ग्रॅम, बाराशे, सोळाशे, अडीच किलो. चेहरे आळीपाळीनं त्यांना जोडले, सुती कापडात गुंडाळले आणि प्रत्येकीच्या हातात दिले. धरून उभं राहायचं, एवढंच. कुणी मान सांभाळ म्हणून सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांचे तळवे आपोआप मानेखाली गेले. तेव्हा मी त्यांना पोलिओ बूथवरच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. मी काय बोलले तेही सांगितलं. केसबुकवालीनं विचारलं, "मग खरं कसं होतं, मॅडम?"

"माहीत नाही. मी ट्रे सरकवला होता."

मग मेक्सिकन चित्रकार फ्रीदा कालोचं सांगितलं, अगदी थोडक्यात. 1932 साली डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये तिचा गर्भपात झाला. तिला ते गेलेलं बाळ काढायचं होतं, म्हणून ती पलंगावरून डॉक्टरांकडे शरीरशास्त्राचं चित्रांचं पुस्तक मागत होती. त्यांनी दिलं नाही. शेवटी नवऱ्यानं, दिएगो रिवेरानं, आणून दिलं. पुढे त्या हॉस्पिटलच्याच नावाचं चित्र तिनं पत्र्यावर रंगवलं. त्यात ती पलंगावर पडली आहे आणि बाळ तिच्या हातातल्या लाल फितीला बांधलेलं वर तरंगतं आहे. बाईला बघायचं होतं, आणि जाणत्या माणसांनी तिच्या भल्यासाठी नाही म्हटलं. डेट्रॉइट काय अन् आमचं ग्रामीण रुग्णालय काय.

संध्याकाळी शाडू परत करायचा होता. सीझन जवळ आलेला, कारखान्यात माती वाया घालवत नाहीत. पाण्याची बादली ठेवली, एकेक चेहरा त्यात सोडायचा. शाडू पाण्यात विरघळायला लागला की आधी नाक जातं. तीस-बत्तीस चेहरे गेले. केसबुकवाली बादलीपाशी आली आणि थांबली.

"मॅडम, हे आजची रात्र राहू दे ना."

मी बरं म्हटलं.

पुढचा महिना मी त्यांना उरलेलं शिकवलं. ते हातांनी करायचं होतं म्हणून सोपं गेलं. बाळ पोटात जाऊन दिवस झाले असतील तर त्वचा पिकल्या टोमॅटोसारखी सुटते, तेव्हा ओढून पुसायचं नाही, ओल्या कापडानं नुसतं टिपायचं. डोक्याला टोपी घालायची. आईला आधी हात दाखवायचा, मग पाय, मग चेहरा. दाखवायचं म्हणजे लादायचं नाही. विचारायचं, आणि नाही म्हणाली तर तासा-दोन तासांनी पुन्हा एकदा विचारायचं, कारण पहिला 'नाही' बऱ्याचदा भीतीचा असतो आणि कधीकधी खरोखरचाही असतो. 'दुसरं होईल', 'तरुण आहेस', 'सुटलीस बाई', ही तीन वाक्यं लेबर रूममध्ये बंद. तिसऱ्या दिवशी दूध उतरतं, बाळ असो वा नसो. ते बंद करायची गोळी असते हे आधीच सांगायचं, नाहीतर भिजलेला ब्लाउज घेऊन ती बाई बाळंतिणींच्या वॉर्डात बसून राहते, आजूबाजूला सगळ्यांची बाळं रडत असतात. आणि जिवंत बाळाच्या पावलाचा ठसा आपण केसपेपरवर घेतोच, अदलाबदल होऊ नये म्हणून. तेच स्टॅम्पपॅड इथंही चालतं.

जूनमध्ये केसबुकवालीची पुन्हा रात्रपाळी होती. खारेपाटातली एक बाई आली, दुसरी खेप, 33 आठवडे. दोन दिवस बाळ हललं नव्हतं. ठोके लागेनात. सोनोग्राफी झाली, कळा सुरू करायचं औषध दिलं. पहाटे चारला मुलगा झाला, 1 किलो 600 ग्रॅम.

मी तिथं नव्हते. हे मला नंतर ड्यूटीवरच्या सिस्टरनं सांगितलं, काहीशा कुरकुरीच्या सुरात, कारण पोरीनं टेबल अडवून ठेवलं होतं. तिनं बाळाला टिपलं, टोपी घालण्याआधी डोकं दिव्याखाली नीट बघितलं, झबलं घातलं, दुपट्यात गुंडाळलं. आईला विचारलं, बघायचं का? आईनं भिंतीकडे तोंड केलं. सहा वाजता पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "ठसा घ्यायचा तर घे. मला दाखवू नको." सात वाजता नवरा आणि दीर बाळाला घेऊन गेले, लहान मूल आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. पोरीनं नवऱ्याच्या हातात बाळ देताना वरचा पदर बाजूला केला. तो बघत उभा राहिला. दीर म्हणाला, चल. तरी तो थोडा वेळ उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी राउंडला मुलींबरोबर होते. ती बाई कोपऱ्यातल्या खाटेवर होती; निदान बाळंतिणींच्या रांगेतून तिला बाजूला हलवलं होतं, एवढं आमचं पुढचं पाऊल. शेजारी तिची आई डाळिंब सोलत बसली होती. केसबुकवालीला बघून ती बाई उठून बसली.

"तू होतीस ना त्या रात्री? कसं होतं गं?"

पोरीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल ओढून ती तिच्यासमोर बसली.

"नाक बसकं होतं, पण भोकं मोठी होती. डाव्या कानाची पाळी चिकटलेली, उजव्याची सुटी. केस भरपूर, काळेभोर, पार मानेपर्यंत आलेले. नखं वाढली होती. आणि डोक्यावर दोन भोवरे होते."

"दोन?"

"दोन. एक इकडे, एक इकडे." तिनं स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवलं.

ती बाई आईकडे वळली. "ऐकलंस? दोन भोवरे. दोन बायका केल्या असत्या मेल्यानं!" आणि ती मोठ्यानं हसली. मग तो शब्द तिचा तिलाच ऐकू आला असावा. हसू तिथंच राहिलं आणि त्यातूनच रडू सुरू झालं, पोटातून, तीन दिवसांचं. डाळिंब सोलणाऱ्या आजीनं ताटली खाली ठेवली. आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. केसबुकवाली स्टुलावरून उठली नाही, एवढंच मी बघितलं. पाठीवर हात फिरवणं नाही, पाण्याचा ग्लास नाही, शांत व्हा नाही.

बऱ्याच वेळानं ती बाई म्हणाली, "ठसा आहे म्हणालीस." पोरीच्या खिशात लिफाफा होता. पाऊल साडेसहा सेंटीमीटर, अंगठा जरा वर उचललेला, टाच पुसट. बाईनं तो कागद आपल्या तळहातावर ठेवून मापला. करंगळीपेक्षा थोडा मोठा.

मला हेवा वाटला, लपवत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो बाळंतपणं केली आणि त्यातल्या एकाही मेलेल्या बाळाचा कान मला सांगता येणार नाही. शाडूचा गोळा मला कुणी वेळेवर दिला नाही म्हणावं, तर ट्रे सरकवताना माझे डोळे काही कुणी बांधले नव्हते.

वार्षिक परीक्षेला बाहेरच्या परीक्षक आल्या. केसबुकं चाळताना एका पानावर त्या थांबल्या. सगळे रकाने नीट भरलेले होते, आठवडे, वजन, वार, रक्तस्राव, औषधं. शेऱ्याच्या रकान्यात मात्र मोत्यासारख्या अक्षरात कान, केस, नखं आणि दोन भोवरे. त्यांनी लाल पेनानं त्याभोवती गोल केला.

"हे कशासाठी लिहिलंय?"

"आई विचारते, मॅडम."

परीक्षकबाईंनी पान उलटलं आणि पुढच्या केसवर प्रश्न विचारला. शेवटी त्यांनी सही केली. त्या शेऱ्याचा मार्क त्यांनी कापला नाही, दिलाही नाही.